इलोइलोच्या पातेल्यात माझा गूळ

"मॅम, एप्रिलमध्ये या. आमच्या शहराचा खाण्याचा उत्सव आहे. या वर्षी आमच्या वाडीचं पातेलं माझ्याकडे आलंय!" लोर्नाचा हा व्हॉइस मेसेज आला तेव्हा मी अल नहदाच्या सिग्नलला अडकले होते. शारजाहून दुबईला रोज गाडी हाकणाऱ्यांना हा सिग्नल काय चीज आहे ते सांगायला नको. तिथे माणूस आयुष्याचे मोठमोठे निर्णय घेऊन मोकळा होऊ शकतो. सिग्नल हिरवा व्हायच्या आत मी जायचं ठरवलं होतं.

लोर्ना बारा वर्षं आमच्याकडे होती. माझी लेक इरा दोन वर्षांची असताना ती आली आणि गेल्या वर्षी कायमची आपल्या घरी गेली, फिलिपिन्समधल्या इलोइलो शहरात. मी एका लॉजिस्टिक्स कंपनीत ऑडिट सांभाळते, नवरा मंदार रोज पहाटे अबू धाबीच्या साइटवर पळतो. मधल्या वेळात घर कोण चालवत होतं हे वेगळं सांगायला नको. इराच्या शाळेच्या डब्यापासून माझ्या हरतालिकेच्या वाळूपर्यंत सगळं लोर्ना बघायची. इरा तिला 'आते' म्हणते, म्हणजे त्यांच्या भाषेत ताई.

उत्सव काय असतो ते तिने फोनवर समजावलं. शहरातल्या प्रत्येक जुन्या वाडीने आपला एक जुना पदार्थ चौकात भल्यामोठ्या पातेल्यात शिजवायचा आणि येईल त्याला वाढायचा. स्पर्धा नाही, बक्षीस नाही. वाडीतल्या एका घराकडे दर वर्षी पातेलं येतं. लोर्नाच्या आईने हे पातेलं कित्येकदा सांभाळलं होतं. आई चार वर्षांपूर्वी गेली, आणि आता पाळी लेकीची.

मंदारला क्वार्टर क्लोजिंग. "तुम्ही दोघी जा, यल्ला, चला निघा!" म्हणून त्याने हात झटकले. इराची शाळेची सुट्टी चालूच होती. दुबई-मनिला-इलोइलो जाऊन-येऊन माणशी साधारण चोवीसशे दिरहम पडले, म्हणजे छप्पन हजार रुपये. मोठ्याने रुपयांत बोलल्याशिवाय मला खर्च केल्यासारखं वाटत नाही, आणि बोलल्यावर छातीत धडधडतं. दोन्हीकडून मरण. व्हिसाचे नियम सारखे बदलतात, तेव्हा माझ्यावर विसंबू नका, जाण्याआधी स्वतः बघा. निघायच्या आधी बर दुबईला मीना बझारमध्ये लोर्नाच्या मुलीसाठी एक ड्रेस मटेरियल घेतलं. मुलगी अठरा वर्षांची, नाव जोय. यापलीकडे मला तिच्याबद्दल काहीही माहीत नव्हतं, हे दुकानदाराने "मॅडम, कलर कौनसा पसंद है उसको?" विचारलं तेव्हा लक्षात आलं. पिवळा घेतला.

मनिलापर्यंत नऊ तास, मग तिथे थांबून सव्वा तासाचं दुसरं विमान. इलोइलोचा विमानतळ शहराबाहेर वीसेक किलोमीटरवर आहे. बाहेर शेअर व्हॅन उभ्या असतात, माणशी आठ-नऊ दिरहम घेतात. टॅक्सीवाल्यांच्या गोड बोलण्याला भुलू नका, जरी तिथलं गोड बोलणं खरोखरच गोड असलं तरी. इलोइलोची माणसं बोलतात ती गाण्यातल्यासारखा हेल काढून. भाजीवाली घासाघीस करत असली तरी वाटतं अंगाई म्हणतेय. शहरात फिरायला जीपनी, म्हणजे लांबुळकी, रंगवलेली, दोन्ही बाजूंना बाकं असलेली गाडी. एक दिरहमला साधारण पंधरा पेसो येतात आणि जीपनीचं भाडं जवळजवळ तेवढंच. पैसे पुढच्या माणसाच्या हातात द्यायचे, तो त्याच्या पुढच्याच्या, असं करत ते ड्रायव्हरपर्यंत जातात आणि सुटे त्याच वाटेने परत येतात. मी तीन दिवस डोळ्यांत तेल घालून बघितलं. एकही पेसो कुठे अडकला नाही.

आम्ही हॉटेल घेतलं होतं, रात्रीचे एकशे तीस दिरहम, स्वच्छ, पंखा आणि एसी दोन्ही. पोचलो तर लोर्ना हॉटेलच्या दारातच उभी. इरा तिच्या गळ्यात पडली ती पाच मिनिटं सुटेना. लोर्ना तिच्या दंडाला हात लावून मला म्हणाली, "अगं बाई, किती बारीक! मॅम, खाना नहीं देते क्या?" तिच्या मागे एक उंच, सावळी, शांत मुलगी उभी होती. तिने हसून "वेलकम, मॅम" म्हटलं आणि आमची बॅग उचलली. ही जोय. जाता जाता माझ्या लक्षात आलं, की लोर्ना जोयशी बोलताना आधी तिचा चेहरा वाचते, मग तोंड उघडते. वर्ष झालं होतं तिला घरी येऊन. "मॅम, मेरे साथ ऐसे बात करती है जैसे मैं गेस्ट हूँ," ती मला हळूच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पर्यटन उरकून घेतलं. मोलोचं दगडी चर्च बघाच. आत दोन्ही बाजूंना ओळीने फक्त स्त्री-संत उभ्या आहेत. मला हे फार आवडलं. जुन्या बाजाररस्त्यावर शंभर वर्षांच्या इमारती नुकत्याच रंगवून काढल्यात, खाली मोबाइलची दुकानं आणि वर नक्षीचे सज्जे. ला पाझच्या मंडईत त्यांचं प्रसिद्ध नूडल्सचं सूप मिळतं, पण त्यात डुकराचे सगळे अवयव असतात, तेव्हा आपल्यापैकी बऱ्याच जणांनी वासावर समाधान मानावं. मी मासे-कोंबडी खाते, पुढे जात नाही. शाकाहारी वाचकांनो, खोटं कशाला सांगू, हाल होतील. केळी, भात, नारळ घातलेला चिकट भात आणि आंबा यांवर दिवस काढावे लागतील. आंब्यावरून आठवलं. समोरच्या गिमारास बेटाचा आंबा जगात सगळ्यात गोड, असं लोर्ना म्हणते. मी नाक मुरडत खाल्ला. गोड आहे, मान्य. पण हापूसला सुगंध आहे. यावर आम्ही बारा वर्षं भांडलोय आणि अजून कोणी हरलेलं नाही.

दुपारी लोर्नाच्या अंगणात पातेल्याची रंगीत तालीम होती. पदार्थ म्हणजे काळपट-जांभळ्या तुरीच्या दाण्यांची, कोवळ्या फणसाची आणि डुकराच्या मांसाची पातळ आमटी. तिला आंबटपणा येतो बातवान नावाच्या हिरव्या, लिंबाएवढ्या फळाने. हे फळ आपल्या कोकमाच्याच नात्यातलं. आमच्यासाठी लोर्नाने बिनमांसाची एक छोटी कढई बाजूला केली होती. लाकडं पेटलेली, शेजारणी बाकांवर बसलेल्या, कुत्रं चुलीजवळ लोळत. मला तर माहेरी आल्यासारखं वाटायला लागलं.

त्यांची एक रीत आहे. शिजवणाऱ्याने स्वतः चाखायचं नाही. घरातलं दुसरं माणूस चाखतं आणि 'प्वेदे ना' म्हणतं, म्हणजे 'झालं, आता चालेल'. तोवर झाकण उघडून वाढायचं नाही. लोर्नाची आई शिजवायची तेव्हा सात वर्षांच्या वयापासून चाखायचं काम जोयकडे होतं. म्हणून लोर्नाने चमचा जोयपुढे धरला.

जोयने चाखलं. चमचा खाली ठेवला. मग आईकडे बघून तिच्या त्या गाण्यासारख्या आवाजात दोन-तीन वाक्यं म्हणाली. मला वाटलं कौतुक करतेय. मी आपली मान डोलवून हसले, वर "व्हेरी नाइस!" पण म्हणाले. इराने माझ्या बरगडीत कोपर मारलं. लोर्नाच्या अंगाखांद्यावर वाढल्यामुळे तिला ती भाषा बऱ्यापैकी कळते. "मम्मा, स्टॉप स्मायलिंग. शी इज फायटिंग."

जोय म्हणाली होती, "हे गोड आहे. हे आजीचं नाही, हे तुझ्या त्या घरचं आहे. उद्या चाखायला त्यांनाच बोलव." आणि मी दिलेल्या पिवळ्या ड्रेसचं पाकीट बाकावर तसंच ठेवून ती दोन गल्ल्या पलीकडे मावशीकडे निघून गेली.

मी छोट्या कढईतलं चाखलं आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. आंबट-गोड, अगदी माझ्या हातची आमटी! आता कबुली देते. लोर्ना आमच्या स्वयंपाकघरात वर्षातून एकदा ही आमटी करायची, डुक्कर वगळून. बातवान मिळायचं नाही म्हणून आमची आमसुलं घालायची. पहिल्याच वर्षी मी डोकावले आणि म्हणाले, "आमसूल घातलंस ना? मग गुळाचा खडा हवाच, नाहीतर घसा धरेल." ती बिचारी म्हणाली, "मॅम, माय मदर नो शुगर." मी ऐकते होय? नाकाने कांदे सोलायची सवय. स्वतःच्या हाताने गूळ टाकला. पुढच्या वर्षी तिने स्वतःहून टाकला, आणि मी "बघ, आता कशी चव आली!" म्हणून शाबासकीही दिली. त्या दुपारी तिने स्वतःच्या अंगणात, स्वतःच्या आईच्या आमटीत, तिकडच्या काळ्या गुळाचा खडा टाकला होता आणि तिला पत्ताही नव्हता.

"मॅम, मेरा जीभ भूल गया," ती चुलीसमोर बसून म्हणाली. "कितना खट्टा, अभी याद नहीं. पूछने को माँ नहीं है." तिची आई गेली तेव्हा माझं इयर-एंड होतं. मी तिला दहा दिवसांत परत बोलावलं होतं. तेव्हा मला दहा दिवस भरपूर वाटले होते. त्या अंगणात बसून मला माझीच लाज वाटली, आणि मी तिला तसं सांगितलंही. ती म्हणाली, "नहीं मॅम, आप क्या करोगे." याने तर आणखीच वाईट वाटलं.

पातेलं बिघडलं असतं तर वाडीने हसून सोडून दिलं असतं. लोर्नाला त्याची फिकीर नव्हती. तिला उद्या त्या पातेल्याशेजारी जोय उभी हवी होती, बस. जोय आली नाही तर ती पुन्हा कधी येईल याची तिला खात्री नव्हती.

तिसरा दिवस उत्सवाचा. सकाळी नवाला चौकात पोचलात तर सावलीत जागा मिळते, नंतर डोकं तापतं, टोपी न्या. झाडांखाली पातेल्यांची रांगच रांग. कुठे खेकडे, कुठे नारळाच्या दुधातली गोगलगाय, कुठे केळीच्या गाभ्याची कोंबडी. ती मी दोनदा खाल्ली, गवती चहाचा काय वास होता! बांबूच्या खोडात शिजवलेला भात, केळीच्या पानातल्या गोड वळकट्या. बँड वाजतोय, शाळेची मुलं जुन्या पोशाखात नाचतायत, आणि म्हातारी माणसं खुर्च्या टाकून प्रत्येक वाडीच्या चवीवर परखड मतं देतायत. एका आजोबांनी मला खेकडा भरवता भरवता विचारलं, "दुबई? यू नो माय सन?" प्रत्येक घरातलं कोणी ना कोणी आमच्याकडे आहे. मी तीन मुलगे आणि एका सुनेला ओळखत नसल्याबद्दल माफी मागितली.

अकराला पातेली उघडायची. एकेक झाकण निघत होतं, टाळ्या पडत होत्या. लोर्नाच्या पातेल्यापुढे पन्नास-साठ माणसांची रांग लागली होती आणि झाकण बंद. साखर-गूळ तिने घराबाहेर पडतानाच शेजारणीकडे देऊन टाकला होता. पण चाखणार कोण? तिने डावलीत थोडं घेतलं आणि माझ्यापुढे धरलं. "मॅम, आप चखो."

मी हात जोडले. "बाई गं, सगळं बिघडवलं ते याच जिभेने. मला नको सांगू." तिने इराला शोधायला मान वळवली, तर इरा गायब. झालं! परका देश, ही गर्दी, पोरीचा फोन माझ्याच पर्समध्ये. मी धावत सुटले.

चौकाच्या दुसऱ्या टोकाला मावशीचा केळीच्या पानातल्या भाताचा स्टॉल होता. तिथे जोय कमरेला एप्रन बांधून भात गुंडाळत होती आणि इरा तिच्यासमोर उभी. दोघी इंग्रजीत बोलत होत्या, मी मराठीत लिहिते. मी पुढे होणार होते, पण पाय थबकले.

"तू चाखलं नाहीस तर ती झाकण उघडणार नाही," इरा म्हणत होती.

"मग तू चाख. इतकी वर्षं तूच खाल्लंस ना?"

इरा म्हणाली, "हो, मीच खाल्लं. आते वर्षातून एकदाच करायची, तुझ्या वाढदिवसाला. सकाळी उठून करायची, एका ताटलीत वाढून टेबलावर ठेवायची, आणि दिवसभर कोणाला हात लावू द्यायची नाही. मी शाळेतून आले की मला म्हणायची, आता तू खा. लहान होते तेव्हा वाटायचं माझ्यासाठीच केलंय. तुझ्या वाढदिवसाचं जेवण मी खात होते. सॉरी."

मी तिथे, त्या उन्हात, तशीच उभी. माझं घर, माझी शेगडी, माझं टेबल. आणि मी बारा वर्षं समजत होते की बाईला अधूनमधून गावच्या जेवणाची हुक्की येते.

"मला कधी सांगितलं नाही," जोय म्हणाली.

"तू त्या दिवशी फोन घ्यायचीस का?"

जोयने हातातला भात पूर्ण गुंडाळला, दोरा बांधला, टोपलीत ठेवला. "नाही," ती म्हणाली. मग एप्रन सोडून मावशीच्या हातात दिला आणि चालायला लागली. इरा तिच्या मागे, मी इराच्या मागे.

लोर्ना तिला बघून पातेल्यापासून दोन पावलं मागे सरली. जोयने चाखलं. रांगेतली पुढची माणसं माना उंचावून बघत होती. जोयने मान हलवली, नाही. लोर्नाचा चेहरा खर्रकन उतरला. पण जोय हलली नाही. तिने टोपलीतलं एक बातवान घेतलं, दगडाने ठेचलं, पातेल्यात टाकलं. मग दुसरं, मग तिसरं. चौथं तिने आईच्या हातात दिलं. लोर्नाने ते ठेचलं आणि टाकलं. थोडा वेळ दोघी वाफेत बघत उभ्या राहिल्या. मग जोयने नवा चमचा भरला, फुंकर मारली आणि रीत मोडून तो आईच्याच तोंडाशी धरला. काहीतरी म्हणाली. इरा माझ्या कानात पुटपुटली, "लोला मेड इट लाइक धिस. रिमेंबर इट." लोला म्हणजे आजी.

लोर्नाने चाखलं. डोळे मिटले, आणि चौकात सगळ्यांसमोर हुंदका देऊन रडली. शेजारणी रडल्या, मी रडले, इराही रडली. जोय तेवढी कोरडी होती. तिने आईच्या पाठीवर हात ठेवला, रांगेकडे वळली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "प्वेदे ना!" झाकण निघालं.

आमच्या छोट्या कढईतही तिने बातवान ठेचून घातलं होतं. मी वाटीभर खाल्लं. इतकं आंबट की माझा एक डोळा आपोआप मिटला. गुळाचा खडा हवा होता, असं माझी जीभ म्हणालीच. पण या वेळी मी तोंड बंद ठेवलं.

संध्याकाळी पातेलं घासताना मी जोयजवळ जाऊन बसले आणि गुळाची सगळी गोष्ट सांगितली. माफी मागितली, गुळाबद्दल आणि त्या दहा दिवसांबद्दल, आणि एकूणच. तिने हातातली काथ्याची घासणी न थांबवता ऐकलं. मग म्हणाली, "गुळाचं माफ केलं, मॅम. बाकीचं अजून माहीत नाही." मी म्हणाले, "बरोबर आहे." आणि खरंच बरोबर होतं. मग आम्ही दोघींनी मिळून ते पातेलं पालथं घातलं. ते एकटीने उचलण्यासारखं नव्हतंच.

चौथ्या दिवशी सकाळची व्हॅन. लोर्ना विमानतळावर येणार होती, पण जोयला कॉलेजच्या कामाला जायचं होतं आणि तिने आईला "तूही चल" म्हटलं, म्हणून लोर्नाने आम्हाला हॉटेलच्या दारातच निरोप दिला. इराला घट्ट धरलं, माझा हात हातात घेतला, आणि मग जोयने लांबून हाक मारली तशी पळतच गेली. बारा वर्षं आम्ही हाक मारली की ती अशी पळायची. मला बरं वाटलं आणि वाईटही, दोन्ही एकदमच. इरा व्हॅनमध्ये खिडकीकडे तोंड करून बसली.

एकूण खर्च आम्हा दोघींचा, सगळं धरून, साडेसहा हजार दिरहमच्या आत बसला, म्हणजे दीड लाख रुपये. जायचं असेल तर एप्रिल चांगला, आंबे असतात. उन्हाची सवय तुम्हाला आहेच. पोटाला जरा आंबटाची सवय करून जा.

परत येऊन पंधरा दिवस झाले. सोमवारी ऑफिसात पुण्याहून नवीन आलेली मुलगी माझ्या टेबलाशी आली. बाळ सात महिन्यांचं आहे, अल नहदातच फ्लॅट घेतलाय, आया बघतेय. कोणीतरी तिला लोर्ना आणि तिच्या मुलीची गोष्ट सांगितली होती, आणि या बाबतीत मी म्हणजे एक्स्पर्ट, असंही. एक फिलिपिनो बाई उद्या भेटायला येणार होती.

"मॅम, इंटरव्ह्यूला काय काय विचारू?" तिने फोनमध्ये यादी करायची तयारी ठेवली होती. "कुकिंग, फर्स्ट एड, आधीचे रेफरन्सेस, अजून?"

"तिला मुलं आहेत का विचार," मी म्हणाले. "असली तर त्यांचे वाढदिवस विचार आणि तुझ्या किचनच्या कॅलेंडरवर लिहून ठेव."

तिने ते टाइप केलं आणि थांबली. "तुमच्या लोर्नाच्या मुलीचा कधी असतो?"

बारा वर्षं ते कॅलेंडर दर जानेवारीत मीच भिंतीला लावत आले होते. "माहीत नाही गं," मी म्हणाले. "आज फोन करून विचारते."